आवर घालणाऱ्या पेशी

उंदराच्या पिल्लाची थायमस ग्रंथी काढून टाकली तर त्याची प्रतिकारशक्ती दुबळी पडेल, असं कोणीही म्हणेल. छातीच्या हाडामागे असलेल्या या छोट्या ग्रंथीतच टी पेशी घडतात. जंतूंशी लढण्यातलं आणि इतर पेशींना लढायला लावण्यातलं बरंचसं काम याच पेशींचं. पण १९६९ मध्ये जपानमधल्या नागोया इथल्या आइची कर्करोग केंद्रात यासुआकी निशिझुका आणि तेरुयो साकाकुरा यांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी पिल्लांची थायमस काढली, तेव्हा भलतंच घडलं. माद्यांची अंडाशयं नासून गेली. हीच शस्त्रक्रिया सातव्या दिवशी केली तर अंडाशयांना काहीही होत नव्हतं. सुरुवातीला संप्रेरकांचा संशय आला. खरं कारण नंतर उलगडलं: उंदरांच्या स्वतःच्याच प्रतिकार पेशी अंडाशयांवर तुटून पडत होत्या.

जपानी प्रतिकारशास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांना या प्रयोगाने झपाटलं. १९७६ मध्ये क्योटो विद्यापीठातून डॉक्टर होऊन ते बाहेर पडले, पुढचं संशोधनाचं शिक्षण तिथे सुरू झालं होतं, ते सोडून ते नागोयाला गेले. त्यांचा प्रश्न साधा होता. टी पेशी कमी केल्यावर हल्ला कमी व्हायला हवा, मग तो वाढला कसा? एकच उत्तर संभवत होतं. तिसऱ्या दिवसानंतर थायमसमधून अशाही काही टी पेशी बाहेर पडत असणार, ज्यांचं काम हल्ला करण्याचं नसून हल्ला करणाऱ्यांना आवरण्याचं आहे. त्यांनी त्याच जातकुळीच्या निरोगी उंदरांच्या टी पेशी घेतल्या आणि थायमस काढलेल्या पिल्लांना टोचल्या. पिल्लं वाचली.

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं. पण ‘आवरणाऱ्या टी पेशी’ असं म्हणण्याची ती वेळच नव्हती. १९७० च्या दशकात येल विद्यापीठातल्या रिचर्ड गर्शन यांच्या कामापासून ‘सप्रेसर’ टी पेशींची मोठी लाट आली होती. या पेशींना एका विशिष्ट जनुकाची खूण जोडली गेली होती आणि त्यावर पुष्कळ शोधनिबंध उभे राहिले होते. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डीएनएचा तो भाग प्रत्यक्ष तपासला गेला, तेव्हा सांगितलेल्या जागी ते जनुक नव्हतंच. त्यासरशी अख्खी कल्पनाच बदनाम झाली. बहुतेकांनी विषय सोडला. मला साकागुचींचं सगळ्यात मोठं काम कुठलं वाटतं, तर या पडत्या काळात त्यांनी प्रश्न सोडला नाही हे. त्यांचा विश्वास त्या पडलेल्या सिद्धांतावर नव्हताच, तो नागोयातल्या उंदरांवर होता. सिद्धांत कोसळला तरी उंदरांची अंडाशयं नासतच होती.

आता हवी होती खूण. पेशीच्या पृष्ठभागावर असं एखादं प्रथिन, ज्यावरून या पेशी वेगळ्या काढता येतील. १९८५ मध्ये एका खुणेने त्यांना जवळ नेलं, पण ती फार ढोबळ होती, बऱ्याच इतर पेशींवरही सापडायची. पुढची काही वर्षं अमेरिकेतल्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांत गेली. मग जपानला परतल्यावर १९९५ मध्ये नेमकी खूण जाहीर झाली: सीडी-२५. निरोगी उंदराच्या टी पेशींमधून सीडी-२५ असलेल्या तेवढ्या पेशी वगळल्या आणि उरलेल्या, स्वतःच्या टी पेशी नसलेल्या उंदरांना टोचल्या. त्यांना थायरॉइड, जठर, अंडाशय अशा एकाहून अधिक अवयवांचे स्वप्रतिकार रोग, म्हणजे प्रतिकार पेशींनी स्वतःच्याच शरीरावर हल्ला केल्याने होणारे रोग, जडले. वगळलेल्या पेशी वेळेत परत दिल्या तर रोग होत नव्हता. सीडी-४ हे प्रथिन अंगावर असलेल्या टी पेशींपैकी जेमतेम १० टक्के असलेल्या या पेशी बाकीच्या सगळ्यांना धरून ठेवत होत्या. आज त्यांना नियामक टी पेशी म्हणतात.

सीडी-२५ ही नुसती ओळखीची खूण असती, तर गोष्ट इथेच थांबली असती. पण ते इंटरल्युकिन-२ या रेणूच्या ग्राहीचा, म्हणजे त्याचा संदेश टिपणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाचा, एक भाग आहे. इंटरल्युकिन-२ म्हणजे टी पेशींना ‘वाढा’ असा संदेश देणारं प्रथिन. तेव्हा हा रेणूच नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांची प्रतिकारशक्ती मंद पडेल अशी अपेक्षा होती. झालं उलटंच, त्यांना स्वप्रतिकार रोग झाले. कारण इंटरल्युकिन-२ ची सगळ्यात जास्त गरज असते ती नियामक पेशींना, आणि तो बनवण्याची सोय त्यांच्याकडे नसते. लढणाऱ्या पेशी तो सोडतात, नियामक पेशी त्यावर जगतात. लढाई तापली की इंटरल्युकिन-२ वाढतं, म्हणजे आवरणाऱ्यांचाही जोर वाढतो. शिवाय भरपूर सीडी-२५ अंगावर असल्यामुळे आसपासचं इंटरल्युकिन-२ त्या शोषूनही घेतात आणि लढणाऱ्यांच्या वाट्याला कमी येतं.

दुसरा धागा अमेरिकेतून आला. ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात खवलेदार कातडीचे, काही आठवड्यांतच मरणारे नर उंदीर आढळले होते. मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल या अमेरिकी संशोधकांनी त्यामागचं जनुक शोधून काढलं आणि २००१ मध्ये जाहीर केलं: फॉक्सपी-३. हेच जनुक बिघडलं की माणसाच्या मुलग्यांना आयपेक्स नावाचा दुर्मीळ आजार होतो. तान्हेपणीच मधुमेह, आतड्यांचा दाह, अंगभर इसब. दोन वर्षांनी, २००३ मध्ये, साकागुचींच्या गटाने आणि त्याच सुमारास इतर दोन गटांनी दाखवलं की नियामक पेशी घडवणारा कळीचा घटक हाच. साध्या टी पेशीत फॉक्सपी-३ घातलं की ती आवरण्याचं काम करू लागते.

हे कसं घडतं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. टी पेशीच्या ग्राहीला तिचा रेणू भेटला की ग्राहीच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेटचे गट चिकटवले जातात. तिथे झॅप-७० नावाचं एन्झाइम येऊन बसतं आणि पुढच्या प्रथिनांना जागं करतं. पेशीत कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम कामाला लागतं आणि एनफॅट हे प्रथिन पेशीकेंद्रात शिरतं. साध्या टी पेशीत तिथे त्याला एक जोडीदार भेटतो आणि दोघं मिळून इंटरल्युकिन-२ चं जनुक चालू करतात. नियामक पेशीतही हाच संदेश, हीच वाट, हाच एनफॅट. फक्त केंद्रात तो फॉक्सपी-३ बरोबर जोडी जमवतो, आणि तेच जनुक बंद होतं. एका पेशीत ज्या संदेशाने हल्ला सुरू होतो, त्याच संदेशाने दुसरीत हल्ला थोपवण्याची तयारी होते.

म्हणूनच संदेश मंदावला म्हणजे प्रतिकार मंदावेल, हा हिशेब चुकतो. १९८८ मध्ये शिमोन साकागुची आणि त्यांच्या पत्नी व सहसंशोधक नोरिको साकागुची यांनी उंदरांना सायक्लोस्पोरिन दिलं. अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला वापरतात ते हे औषध. त्या उंदरांची थायमस, स्वतःची थायमस नसलेल्या उंदरांत बसवली तर त्यांना स्वप्रतिकार रोग झाला. हे औषध कॅल्सिन्युरिनला रोखतं, हे तेव्हा माहीतही नव्हतं.

त्याहून उद्बोधक आहे २००३ मधला त्यांचा दुसरा शोध, आणि माझ्या मते त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. त्यांच्याकडच्या उंदरांच्या एका वाणात माणसाच्या ऱ्हुमॅटॉइड संधिवातासारखा आजार उद्भवला होता. कारण निघालं झॅप-७० मधला एकच बदल: १६३ व्या जागी ट्रिप्टोफॅनऐवजी सिस्टीन. त्यामुळे ग्राहीचा संदेश क्षीण झाला होता. थायमसमध्ये स्वतःच्याच शरीराला धरणाऱ्या टी पेशींना जोरदार संदेश मिळतो आणि त्या मारल्या जातात. संदेशच क्षीण असल्याने अशा पेशी इथे निसटून बाहेर पडत होत्या आणि सांधे गाठत होत्या. पण हे उंदीर अगदी जंतूविरहित वातावरणात वाढवले तर आपणहून संधिवात होत नाही. बुरशीच्या पेशीभित्तिकेतला बीटा-ग्लुकान टोचला की होतो. जनुकाने वाट मोकळी करायची आणि बाहेरच्या एखाद्या कारणाने ठिणगी टाकायची, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे प्राणी फार थोडे आहेत.

नियामक पेशी प्रत्यक्ष आवरतात कशा? अनेक मार्ग आहेत. त्यातला मोठा मार्ग सीटीएलए-४ या प्रथिनाचा. साध्या टी पेशीला कामाला लागायला दुसऱ्या पेशीच्या अंगावरचे सीडी-८० आणि सीडी-८६ हे रेणूही भेटावे लागतात. नियामक पेशी सीटीएलए-४ च्या साहाय्याने हे रेणू घट्ट धरते, दुसऱ्या पेशीच्या अंगावरून ओढून काढते आणि आत घेऊन पचवते. फक्त नियामक पेशींमधून सीटीएलए-४ काढून टाकलं तरी उंदीर स्वप्रतिकार रोगाने मरतात, हे साकागुचींच्याच गटाने २००८ मध्ये दाखवलं. याच प्रथिनाला अडवणारं इपिलिमुमॅब हे औषध २०११ पासून कर्करोगावर वापरलं जातंय, आणि त्याच्या दुष्परिणामांत आतड्यांचा आणि ग्रंथींचा दाह का येतो, तेही यातून कळतं.

६ ऑक्टोबर २०२५ रोजी ब्रुंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. उपचारांचं काम मात्र अजून ऐन भरात आहे, आणि ते दोन विरुद्ध दिशांनी चाललंय. स्वप्रतिकार रोगांत या पेशी वाढवायच्या, त्यासाठी इंटरल्युकिन-२ अगदी कमी मात्रेत देऊन पाहिलं जातंय. कर्करोगात त्या हटवायच्या, कारण गाठीत जमून त्या लढणाऱ्या पेशींना रोखतात.

माणसात यात एक खोच आहे. उत्तेजित झालेल्या साध्या टी पेशीतही फॉक्सपी-३ थोडा वेळ, थोड्या प्रमाणात दिसतं. साकागुचींच्या गटाने २००९ मध्ये माणसाच्या अशा पेशींची तीन गटांत विभागणी केली, त्यातला एक गट आवरण्याचं काम करतच नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ज्या गाठींत हा गट भरपूर होता, त्या रुग्णांचं पुढे तुलनेने बरं चाललं, असं २०१६ मध्ये दिसलं. त्यामुळे गाठीत फॉक्सपी-३ किती, एवढं मोजून भागत नाही. ते कोणत्या गटातल्या पेशीत आहे, हे आधी बघावं लागतं.