स्टिअरिंगला प्ले (ढिलेपणा) आलाय? स्क्रू पिळण्याआधी हे वाचा
(ऑस्टिन-हीली, एमजी, ट्रायम्फ सांभाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

जुन्या गाड्यांची रॅली पंधरा दिवसांवर आली की आमच्या गॅरेजमध्ये एकच फोन येऊ लागतो. "स्टिअरिंग ढिलं वाटत होतं, म्हणून बॉक्सचा स्क्रू थोडा पिळला. आता जड जातंय." हा 'थोडा' म्हणजे किती, ते गाडी शेडमध्ये आल्यावरच कळतं. एकदा तर तो पूर्ण दोन फेरे पिळलेला निघाला होता.

फोनवर प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हा कागद.

स्टिअरिंग दोन जातींचं असतं, बॉक्सचं (बंद डबीतल्या यंत्रणेचं) आणि रॅकचं (दात्यांच्या सरकत्या दांड्याचं). आधी बॉक्सवाल्या गाड्यांचं बघू, कारण सगळी गडबड तिथंच होते. हीली १०० असो नाहीतर ३०००, दोन्हींना कॅम-अँड-पेग जातीचा बॉक्स आहे. कॉलमच्या खालच्या टोकाला स्क्रूच्या आट्यांसारखी वळत जाणारी खाच पाडलेला कॅम असतो आणि त्या खाचेत खुंटीसारखा निमुळता पेग बसतो. स्टिअरिंग फिरवलं की पेग खाचेतून सरकतो आणि त्याच्या शाफ्टचा ड्रॉप आर्म (चाकांच्या रॉडना ढकलणारा दांडा) डावी-उजवीकडे जातो. झाकणावर लॉकनटसकट जो स्क्रू दिसतो, तो पेगला खाचेत किती खोल दाबायचं एवढंच ठरवतो.

आता गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. त्यामुळे खाच मधोमध झिजते आणि दोन्ही टोकांना जवळजवळ नवीच राहते. मधला प्ले घालवायला तुम्ही स्क्रू पिळलात की पेग मधल्या झिजलेल्या जागेत छान बसतो. गल्लीत चालवून बघितली तर गाडी झकास वाटते. पण वळणावर चाकं फिरली की तोच पेग न झिजलेल्या खाचेत जाऊन अडकतो. आमचे एक ग्राहक असं करून आंबा घाटात उतरले होते. वळण घेतलं आणि स्टिअरिंग आपोआप परत येईना, दोन्ही हातांनी ओढून आणावं लागलं. त्यांनी गाडी तिथंच कडेला लावली आणि टेम्पोवर घालून आमच्याकडे आणली. नशीब, समोरून एसटी येत नव्हती.

उलटी चूकही होते. बॉक्स बनवतानाच मधोमध घट्ट आणि टोकांकडे किंचित सैल ठेवलेला असतो. गाडी गॅरेजमध्ये चाकं वळलेल्या अवस्थेत उभी असते, तशीच ठेवून कुणी स्क्रू टेकेपर्यंत पिळतो. मग चाकं सरळ झाली की पेग मध्येच जाम. दोन्ही बाबतीत खर्च एकच होतो, पेगचं टोक चपटं होतं आणि खाचेवर ओरखडे उठतात. जो बॉक्स आणखी काही वर्षं चालला असता, तो उघडून कॅमच बदलावा लागतो.

म्हणून विनंती, स्क्रूला हात लावू नका. लावला असेल तर लपवू नका. आम्ही रागावत नाही, पण किती फिरवला ते माहीत असलं तर आमचा अर्धा दिवस वाचतो.

आमच्या अनुभवात प्ले बॉक्सच्या बाहेरच जास्त वेळा सापडतो. हीलीच्या पुढच्या बाजूला चाकं वळवणारे तीन रॉड आहेत, म्हणजे बॉल जॉइंट झाले सहा. शिवाय गाडीच्या दुसऱ्या बाजूला, बॉक्सच्या जोडीला, आयडलर (रॉडचं दुसरं टोक धरणारा दांडा) आहे. त्यातही तेल घालायचं असतं, वर त्यासाठी प्लग दिलेला आहे. हे सांगितल्यावर निम्मे मालक आमच्याकडे आश्चर्यानं बघतात. बॉक्स चासीला धरणारे बोल्ट सैल झाले, तरी वर स्टिअरिंग हातात घेतल्यावर अगदी झिजलेल्या बॉक्ससारखंच वाटतं. पान्याचं काम, पाच मिनिटांचं.

घरी तपासायचं असेल तर असं करा. गाडी जमिनीवर, इंजिन बंद. एकानं स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्यानं खाली बघत एकेका जॉइंटवर हात ठेवत चाकापर्यंत जायचं. हालचाल जिथं हरवते, तिथं प्ले. नंतर चाक जॅकवर उचला, खाली घोडी लावायला विसरू नका, आणि वर-खाली धरून हलवा. खटखट आली तर आत बसलेल्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिन (ज्या उभ्या पिनवर चाक वळतं ती) बघायला हवा. वायर व्हील असेल तर ब्रेक दाबलेलाच ठेवून चाक पुढे-मागे फिरवून बघा. टक टक आवाज आला तर स्प्लाइन (चाक हबवर बसवणारे दाते) झिजल्यात, त्याचा स्टिअरिंगशी संबंध नाही. आणि या सगळ्याच्या आधी टायरची हवा बघा. हे लिहायची आम्हालाच लाज वाटते, पण फक्त हवा भरून 'बऱ्या झालेल्या' गाड्या आम्ही परत पाठवल्या आहेत.

दुसरी विनंती ग्रीसची. गाडी आणायच्या आदल्या दिवशी सगळ्या निपलना (ग्रीस भरायच्या तोंडांना) ग्रीस मारून आणू नका. ताज्या ग्रीसनं किंगपिनचा प्ले दोन-चार दिवस झाकला जातो आणि आम्हाला निदान चुकीचं मिळतं. बॉक्समधलं तेल गळतं म्हणून काहीजण आत बेअरिंगचं घट्ट ग्रीस ठासतात. पेग त्यातून एक वाट पाडतो, ग्रीस बाजूला होऊन तसंच बसून राहतं आणि पेग कोरडा चालतो. हीलीचं तेल बहुतेक वेळा बॉक्सच्या पुढच्या टोकाला, जिथून हॉर्नच्या वायरची नळी बाहेर येते, तिथून गळतं. तो जोड नीट बसवला की गळती थांबते. म्हणून गाडी धुऊनही आणू नका, तेलाचे डाग आम्हाला वाट दाखवतात.

रॅकवाल्यांचं थोडक्यात. एमजीच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाड्यांत टीसी मॉडेलपर्यंत बॉक्स होता, १९५० च्या टीडीपासून रॅक आला. एमजीए, एमजीबी आणि ट्रायम्फची स्पिटफायर सगळ्या रॅकच्या. इथं रॅक स्वतः क्वचित दोषी असतो. टाय रॉड एंड आणि कॉलमचा जॉइंट आधी बघा. स्पिटफायरमध्ये रॅक रबराच्या बुशांवर बसतो, त्यावर इंजिनचं तेल ठिबकून रबर फुगलं की अख्खा रॅकच डावी-उजवीकडे सरकतो.

स्पिटफायरवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. पुढच्या चाकाचा खालचा पितळी ट्रनियन (ज्या आट्यांच्या जोडावर चाक वळतं तो) ग्रीसनं नाही, ९० नंबरच्या गिअर ऑइलनं भरायचा. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आत पाणी साठून गंज चढतो आणि एक दिवस त्यात बसलेला उभा लिंक आट्यातच तुटून चाक आडवं पडतं. मद्रासला १९६१ पासून बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डलाही हीच रचना होती. हेराल्डवर हात बसलेला जुना मिस्त्री हे न सांगता करतो. तसा मिस्त्री तुमच्या गावात असेल तर त्याच्याकडे जरूर जा.

आता आमच्याबद्दलची तक्रार. 'नुसतं बघायचे पैसे का घेता?' आणि 'फोनवर अंदाज का देत नाही?' बघणं हेच या कामातलं निम्मं काम आहे. वर सांगितलेली सगळी तपासणी आम्ही पिटवर करतो आणि बॉक्स सगळ्यात शेवटी उघडतो. बॉक्स आधी उघडला असता तर बिल मोठं झालं असतं, एवढं आमच्या बाजूनं म्हणता येईल. पुढचं काम आमच्याकडे केलं तर तपासणीचे पैसे बिलातून वजा होतात.

किंगपिनचा सेट तुम्ही इंग्लंडहून मागवलात तरी आमची हरकत नाही. बुश ठोकून बसवणं सोपं असतं. दोन्ही बुशांची भोकं एका रेषेत, नेमक्या मापाला कापणं (रीम करणं) हे खरं काम, त्याचा रीमर आमच्याकडे आहे. पॉलिश पेपरनं घासून बसवलेले बुश सहा महिन्यांत परत येतात. सेट मिळत नसेल तर फॉस्फर ब्राँझचे बुश इथंच उद्यमनगरात लेथवर करून देतो, कोल्हापुरात असण्याचा तेवढा फायदा आहे.

आणि सगळं झाल्यावरही बॉक्सवाल्या गाडीच्या स्टिअरिंगला बोटभर प्ले राहणारच. तो काढून द्या म्हणालात तर आम्ही नाही म्हणू.

बॉक्सच्या कामाला साधारण आठवडा लागतो, कॅम मागवायचा असेल तर जास्त. रॅलीच्या आधीच्या पंधरवड्यात आम्ही बॉक्स उघडत नाही, फक्त तपासणी, जॉइंट आणि ग्रीसिंग करतो. गाडी आणाल तेव्हा मागच्या कामाची बिलं, असतील तर, सोबत आणा. आणि स्क्रू फिरवला असेल तर किती, ते एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगला बांधा.