म्युझिकल थिएटर पदवीची ऑडिशन (अमेरिका)

गाणे, अभिनय आणि नृत्य एकत्र शिकवणाऱ्या अमेरिकी पदवी अभ्यासक्रमांची प्रवेशपरीक्षा. शाळेच्या शेवटच्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास तिची धावपळ सुरू होते आणि मे उजाडेपर्यंत संपत नाही. मार्क, निबंध आणि शिफारसपत्रे यांचा अर्ज विद्यापीठाकडे जातो, कलेची पारख नाट्यविभाग करतो. बहुतेक ठिकाणी दोघांचाही होकार लागतो. विभागाने उचलून धरलेला विद्यार्थी मार्कांपायी बाहेर राहिला, असेही घडते.

पिट्सबर्ग येथील आजच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९१४ साली अमेरिकेतला पहिला पदवी देणारा नाट्यविभाग सुरू झाला. संगीतिकेसाठी वेगळी पदवी मात्र खूप उशिरा आली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सिनसिनाटीच्या संगीत महाविद्यालयात निघालेला अभ्यासक्रम या प्रकारातला पहिला मानतात. आज मिशिगन, न्यूयॉर्क, सिरॅक्यूज, पेन स्टेट, टेक्सस स्टेट, बॉस्टन कॉन्झर्व्हेटरी अशी नावे विद्यार्थ्यांच्या यादीत हमखास असतात. नवख्या पालकांना सर्वांत आधी आठवते ती न्यूयॉर्कची जुलियर्ड ही कलासंस्था. तिथे या विषयाची पदवीच नाही. पदव्याही एकसारख्या नाहीत. बीएफए म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्समध्ये साधारण दोन तृतीयांश वेळ तालमीच्या खोलीत जातो, बीएमध्ये इतर विषयांना बरीच जागा असते, आणि बॅचलर ऑफ म्युझिकमध्ये गळ्याला अधिक महत्त्व असते.

पहिली चाळणी व्हिडिओवर होते. तिला प्रीस्क्रीन म्हणतात. पूर्वी प्रत्येक कॉलेजची मागणी निराळी असे, त्यामुळे एकच गाणे पाच प्रकारे चित्रित करावे लागे. २०२० च्या सुमारास अनेक कॉलेजांनी एक सामायिक नमुना स्वीकारला आणि हा जाच बराच कमी झाला. त्यात परस्परांहून वेगळी दोन गाणी, एक स्वगत, नृत्याचा एक तुकडा आणि ‘वाइल्ड कार्ड’ असते. वाइल्ड कार्डमध्ये विद्यार्थ्याने आपल्याला येणारे काहीही दाखवावे, मग ती बासरी असो की जादूचे प्रयोग. गाण्याला साथ हवीच. चित्रण मात्र सलग, कापाकापी आणि आवाजाची सजावट न करता केलेले लागते.

चाळणीतून उतरले की प्रत्यक्ष ऑडिशन, आणि तिथे सारे सोळा बारांत, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या मात्रांच्या सोळा खंडांत, आटपायचे असते. कुणी बत्तीस बारांची मुभा देतात. चार-चारच्या ठेक्यात सोळा बार म्हणजे चौसष्ट मात्रा, आपल्या हिशेबाने तीनतालाची चार आवर्तने. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर ३२ सेकंद, ६४ ची संथ लय घेतली तर बरोबर एक मिनिट. एवढ्यात पात्र उभे राहायला हवे, त्याच्या मनात काहीतरी बदलायला हवे आणि वरचा स्वर सहज लागायला हवा. म्हणून गाणे कुठे कापायचे हा स्वतंत्र अभ्यास असतो. पहिल्या ओळीवरून थेट शेवटाकडे उडी मारली तर पियानोवाल्याला ती कागदावर स्पष्ट दिसली पाहिजे. पाने बाइंडरमध्ये पाठपोट लावलेली, सुरुवात आणि शेवट ठळक खुणांनी दाखवलेले, चकाकणारे प्लास्टिक शक्यतो नाही. लय हळूच गुणगुणून सांगायची; त्याच्यासमोर चुटक्या वाजवणे उद्धटपणाचे समजतात. मराठी नाट्यपद गाणारा पेटीवाल्याला ‘काळी चार’ म्हणाला की काम भागते. इथे तशी सोय नाही: ज्या पट्टीत गायचे त्याच पट्टीत छापलेला कागद पुढे ठेवावा लागतो. साथीदार अनोळखी, तालीम शून्य. तरी घसरलेल्या लयीचा दोष बहुधा साथीदाराकडे नसून कागदावरच्या गोंधळात असतो.

गाण्यांपैकी एक बहुधा १९६० च्या दशकापर्यंतच्या जुन्या वळणाचे आणि दुसरे अलीकडचे मागतात. एकात गोल, शास्त्रशुद्ध लावलेला आवाज ऐकायचा असतो, दुसऱ्यात छातीच्या आवाजात वर चढणारा ‘बेल्ट’. फार वेळा ऐकलेली गाणी टाळावीत म्हणून याद्या फिरत असतात. त्यांची भीती जरा अतीच बाळगली जाते. सतरा वर्षांच्या मुलीने दोनदा घटस्फोट झालेल्या बाईचे गाणे निवडणे, ही त्याहून मोठी चूक. स्वगत छापील नाटकातलेच घ्यायचा दंडक अनेक ठिकाणी असतो, आणि ते परीक्षकांच्या डोळ्यांत न बघता त्यांच्या डोक्यांवरून, समोर कल्पिलेल्या माणसाला उद्देशून म्हणतात. नृत्याची परीक्षा गटात होते. नवा तुकडा थोडक्या वेळात शिकवतात आणि लगेच करून दाखवायला लावतात. बॅले शिकलेली मुले इथे पुढे जातात हे खरेच. पण चुकल्यावर कोण थबकतो आणि कोण हसत पुढच्या पावलाला लागतो, हेही टिपले जाते.

प्रत्येक कॉलेजच्या गावी जाणे परवडत नाही. म्हणून जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस या शहरांत ‘युनिफाइड्स’ भरतात. अनेक कॉलेजांचे परीक्षक एकाच ठिकाणी येऊन बसतात. शिकागोतले पामर हाउस हॉटेल त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत तिथल्या कॉरिडॉरमध्ये कुणी ओठ थरथरवत गळा तापवत असतो, कुणी भिंतीशी स्वगत पुटपुटत असतो, आणि आई हातात बूट व वेळापत्रक घेऊन लिफ्टपाशी उभी असते. आधी अर्ज न केलेल्या कॉलेजच्या दारावर रिकामी वेळ दिसली तर आयत्या वेळी आत शिरणारेही असतात. कोविडच्या काळात हा सारा कारभार ऑनलाइन गेला, आणि काही परीक्षा त्यानंतरही पडद्यावरच राहिल्या.

नामांकित ठिकाणी एका वर्गात बहुधा वीस-पंचवीसच जागा असतात. त्या गुणानुक्रमे भरत नाहीत, हे बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. चार वर्षे एकत्र नाटके करणारी तुकडी जमवायची असते. नायक-नायिका, विनोदी नट, खर्जातला गळा, उत्तम नाचणारे, सारेच त्यात लागतात. जुन्या नाटक मंडळीचा मालक नट जमवताना जसा विचार करी, त्याच्याशी याचे नाते आहे. फरक पैशाचा. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, मंडळीच्या पदरी राहूनच घडले. इथला विद्यार्थी शिकण्यासाठी भरभक्कम फी मोजतो. त्याआधीच अर्जाचे, व्हिडिओचे, प्रवासाचे आणि खासगी शिकवणीचे पैसे गेलेले असतात. काही कॉलेजे गरजूंना शुल्क माफ करतात, पण शिकवणीचा खर्च कोण माफ करणार? या पद्धतीवरचा सर्वांत रास्त आक्षेप हाच. दुसरा आक्षेप चेहरा, रंग आणि बांध्यावरून माणसाला ठरावीक भूमिकांच्या खान्यात बसवण्याच्या सवयीवर आहे.

निकाल मार्चअखेरपर्यंत येत राहतात, आणि कुठे जायचे ते कळवण्याची नेहमीची मुदत १ मे ही असते. तोवर प्रतीक्षायादी हलत राहते: एका मुलीने मिशिगनला होकार दिला की दुसऱ्या कॉलेजमध्ये तिच्याच आवाजाची जागा मोकळी होते. ज्यांना कुठेच जागा मिळत नाही, त्यांतले काही वर्षभर थांबून नव्या गाण्यांसह पुन्हा रांगेत येतात.