उड्डाण प्रशिक्षक

विमान चालविण्याचे शिक्षण दुहेरी नियंत्रणांच्या विमानात शेजारी बसून देणारा वैमानिक. भारतात त्यासाठी व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याबरोबरच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे प्रशिक्षकाचे रेटिंग (परवान्यावरील पात्रतेची नोंद) लागते. साहाय्यक प्रशिक्षक ज्येष्ठाच्या देखरेखीखाली शिकवतो.

या कामाला शास्त्रशुद्ध रूप दिले ते रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी. १९१७ मध्ये इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे त्यांनी विद्यार्थ्याशी नळीतून बोलत, विमान गरगरत खाली येण्याच्या ज्या गिरक्यांना वैमानिक घाबरत त्या मुद्दाम करून दाखवून त्यांतून बाहेर पडायला शिकविले. भारतीय हवाई दलाची प्रशिक्षक घडविणारी शाळा १९४८ मध्ये अंबाल्याला सुरू झाली व पुढे तांबरमला गेली. महाराष्ट्रात विमान चालविण्याच्या शिक्षणाचा आरंभ जुहूला झाला. आज गोंदिया, बारामती व धुळे येथे ते चालते.

सेसना १७२ सारख्या विमानात विद्यार्थी डावीकडे आणि प्रशिक्षक उजवीकडे बसतो. त्यामुळे थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी कळ) डाव्या आणि सुकाणू (विमानाचे नाक वर-खाली करणारा, हाताने धरायचा दांडा) उजव्या हाताने सांभाळण्याची, तेही बोलता बोलता, सवय प्रशिक्षकाला नव्याने लावून घ्यावी लागते. बोलणे मोजके आणि हालचालीशी जुळणारे हवे; इंजिनाच्या आवाजात लांबलेले वाक्य संपेपर्यंत दाखवायची गोष्ट होऊन गेलेली असते. म्हणून सविस्तर समजावणे उड्डाणाआधी व नंतर जमिनीवरच करावे.

खरी कसोटी लागते ती विमान उतरताना. धावपट्टी जवळ आली की नवशिक्याची नजर नाकासमोरच्या जमिनीवर खिळते, उंचीचा अंदाज चुकतो आणि सुकाणू एक तर फार लवकर ओढले जाते किंवा फार उशिरा. मुरलेल्या प्रशिक्षकाला ही चूक विमानाच्या आधी विद्यार्थ्याच्या आवळलेल्या मुठीत दिसते. तो आधी ‘नजर टोकाला’ एवढेच म्हणतो, हात सुकाणूपासून बोटभर अंतरावर ठेवतो, आणि गरज पडली तरच ‘आय हॅव कंट्रोल’ असे स्पष्ट उच्चारून विमान ताब्यात घेतो. घाई केली तर विद्यार्थ्याला स्वतःची चूक स्वतः सुधारण्याची संधी मिळत नाही. उशीर केला तर विमान आपटते. हा क्षण ओळखणे हेच या पेशातील सर्वांत अवघड कौशल्य होय, आणि ते तासन्‌तास शिकवूनच येते.

पहिल्या एकट्या उड्डाणाची वेळ ठरविण्याची जबाबदारीही मोठी आहे. केवळ एक चांगले उतरणे पाहून ती पार पाडता येत नाही. बिघडलेले उतरणे सोडून देऊन विद्यार्थी न सांगता पुन्हा वर जातो का, हे पाहावे लागते. एका माणसाचे वजन कमी झाल्याने विमान लवकर जमीन सोडेल आणि उतरताना अधिक तरंगेल, हे प्रशिक्षक त्याला दार लावण्यापूर्वी सांगतो आणि धावपट्टीच्या कडेला जाऊन उभा राहतो.