धमनीतला दाह: एका स्फटिकापासून हार्ट अटॅकपर्यंत

‘आलं-लसूण-लिंबाचा काढा प्या, ब्लॉकेज विरघळतं’ हा मेसेज दर काही महिन्यांनी फिरून येतो. त्यामागची समजूत अशी की धमनी म्हणजे नळ आणि कोलेस्टेरॉल म्हणजे आत साचलेला चिकट थर. प्रत्यक्षात हा साठा धमनीच्या भिंतीत, अस्तराखाली असतो आणि तिथे दाह धुमसत असतो. काढा तिथवर पोचून तो विरघळवतो, याला काडीचाही पुरावा नाही.

एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण अस्तराखाली अडकतात. त्यांना गिळायला रक्तातल्या मोनोसाइट पेशी भिंतीत शिरतात आणि भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, बनतात. गिळलेलं कोलेस्टेरॉल झेपेनासं झालं की त्याचे टोकदार स्फटिक होतात. पुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. हे स्फटिक पेशीतली पचनाची पिशवी, लायसोसोम, फाडतात. आतली विकरं (एन्झाइम) सांडली की एनएलआरपी-३ ही प्रथिनं एकत्र येऊन ‘इन्फ्लेमासोम’, म्हणजे दाह पेटवणारा प्रथिनांचा संच, उभारतात. तो कॅस्पेज-१ या विकराला जागं करतो आणि कॅस्पेज-१ इंटरल्यूकिन-१ बीटा या दाहाचा संदेश देणाऱ्या प्रथिनाच्या निद्रिस्त रेणूचा एक तुकडा छाटून त्याला सक्रिय करतं. तो निद्रिस्त रेणू मुळात तयार व्हायला एनएफ-कप्पा-बी या वेगळ्याच मार्गाचा इशारा आधी यावा लागतो. स्फटिकांची ही करामत २०१० साली उघड झाली.

सक्रिय इंटरल्यूकिनमुळे आणखी पेशी भिंतीत ओढल्या जातात, इंटरल्यूकिन-६ हे दुसरं संदेशवाहक प्रथिन वाढतं आणि यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवू लागतं. भक्षक पेशींची विकरं साठ्यावरचं कोलॅजनचं कवच पोखरतात. ते फाटलं की गुठळी होते. म्हणून फारशी अरुंद न झालेली धमनीही अचानक बंद पडू शकते.

२०१७ च्या ‘कॅन्टोस’ चाचणीत, आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांमध्ये इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारं कॅनाकिनुमॅब हे औषध तपासलं गेलं. १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने हार्ट अटॅक, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं, तेही एलडीएल न बदलता! पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले.

आता गाऊटवरच्या (सांध्यांचा एक दुखणारा आजार) कोल्चिसिन या दाह कमी करणाऱ्या जुन्या औषधाकडे लक्ष आहे. २०२० च्या एका मोठ्या चाचणीत हार्ट अटॅकसारख्या घटनांत ३१ टक्के घट दिसली, तर २०२४ च्या दुसरीत, हार्ट अटॅकनंतर लगेच देऊनही, फायदा दिसला नाही. कोल्चिसिन आपल्याकडच्या कळलावी या वनस्पतीतही असतं, पण तिचा कंद उगाळून घेणं जिवावर बेतू शकतं. या चाचण्यांतली रोजची मात्रा होती मुख्यतः अर्धा मिलिग्रॅम, आणि कंदाच्या एका तुकड्यात किती विष उतरलंय हे घरी मोजता येत नाही.