यकृतातला पंप बंद पडतो तेव्हा

यकृताचा आजार म्हटला की कावीळ आठवते. खाज सहसा आठवत नाही. परंतु ‘पीएफआयसी’ या यकृतात पित्त तुंबवणाऱ्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात लहान मुलांचे सर्वाधिक हाल होतात ते खाजेनेच. मूल रात्र रात्र झोपत नाही, खाजवून खाजवून रक्त काढते, त्याची वाढ खुंटते. त्वचेवर मलम लावून ही खाज शमत नाही, कारण तिचे मूळ त्वचेत नसतेच.

यकृताच्या पेशी पित्ताम्ले तयार करतात आणि पेशींच्या आवरणातले एक प्रथिन ती पंपासारखी पित्तमार्गात ढकलते. हे प्रथिन घडवणारे ‘एबीसीबी११’ जनुक १९९८ मध्ये या आजाराच्या ‘पीएफआयसी-२’ या प्रकाराशी जोडले गेले. जनुकात दोष असला की पित्ताम्ले पेशीतच साचतात, तिला इजा करतात आणि रक्तात उतरतात. निदानाचा एक धागा साध्या रक्तचाचणीत सापडतो: पित्त तुंबले की एरवी वाढणारे ‘जीजीटी’ हे विकर या प्रकारात वाढलेले नसते.

आतड्यात पोहोचलेली सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. पूर्वी हा फेरा तोडण्यासाठी शस्त्रक्रिया करून काही पित्त पोटावरच्या छिद्रातून बाहेर काढले जाई. आता तेच काम औषध करते. ओडेव्हिक्झिबॅट आतड्यातला शोषणाचा मार्ग अडवते, त्यामुळे पित्ताम्ले शौचावाटे निघून जातात. अमेरिका आणि युरोप या दोन्ही ठिकाणी त्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. जुलाब हा त्याचा नेहमीचा त्रास असला, तरी मुलाला शांत झोप मिळणे ही या कुटुंबांसाठी फार मोठी गोष्ट आहे.

मात्र पंप मुळातच तयार होत नसेल, तर पित्ताम्ले आतड्यापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत, आणि मग अडवायचे तरी काय? म्हणूनच जनुकीय चाचणीत नुसते आजाराचे नाव कळून भागत नाही. दोष कोणत्या स्वरूपाचा आहे, हेही पाहावे लागते. अशा मुलांसाठी बहुधा यकृत प्रत्यारोपणच उरते, आणि त्यानंतरही क्वचित एक अनपेक्षित अडचण येते: शरीराने हे प्रथिन पूर्वी कधी पाहिलेलेच नसल्याने रोगप्रतिकारशक्ती नव्या यकृतातल्या पंपाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते.