लुळा पाय, ताठ हात

'अंगावरून वारं गेलं' असं आपण सरसकट म्हणतो. पण पक्षाघाताचा हात आरंभी सैल असला, तरी पुढे बहुधा ताठरतो, कोपरात मुडपतो. पोलिओचा पाय मात्र लोंबताच राहतो आणि वाळत जातो. हा फरक दिसायचा सगळ्यांना. त्याचं कारण हळूहळू उलगडलं.

१८२२ मध्ये मॅजेंडी या फ्रेंच शास्त्रज्ञानं कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं, की मज्जारज्जूच्या नसांची पुढची मुळं हालचालीची आणि मागची संवेदनेची. (प्रयोग निर्दय होते, आणि श्रेयावरून इंग्लंडच्या चार्ल्स बेलशी वादही झाला.) १८४० मध्ये जर्मनीत हाइने यांनी लहान मुलांच्या लुळेपणाचं वर्णन करताना मज्जारज्जूवर बोट ठेवलं. पुरावा मिळाला तो १८७० मध्ये पॅरिसला. शार्को आणि जोफ्रॉय यांना अशा रुग्णाच्या मज्जारज्जूत, आतल्या राखाडी भागाच्या पुढच्या टोकातल्या, म्हणजे 'पुढच्या शिंगातल्या', मोठ्या पेशी नाहीशा झालेल्या आढळल्या. स्नायूंना थेट हुकूम पोचवणाऱ्या याच पेशी म्हणजे लोअर मोटर न्यूरॉन.

१८७५ मध्ये एर्ब आणि वेस्टफाल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गुडघ्याच्या झटक्याचं वर्णन केलं आणि डॉक्टरांच्या हाती हातोडी आली. गुडघ्याखाली टिचकी मारली की स्नायू ताणला जातो. ती खबर मागच्या मुळातून आत जाते, मोटर न्यूरॉनला मिळते आणि पाय उडतो. हा न्यूरॉन किंवा त्याचा तंतू मेला, की झटका गेला आणि स्नायूचा ताणही गेला. मेंदूकडून येणारी वाट तुटली, जशी पक्षाघातात तुटते, तर उलट होतं: टिचकी ते झटका हे वर्तुळ शाबूत, लगाम सुटलेला, म्हणून झटका जास्तच जोरात. मेंदूचा हुकूम असो वा टिचकीचा, स्नायूपर्यंत जायला वाट हीच. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन तिला 'शेवटची सामायिक वाट' म्हणत.

कातडीखालची फडफड मात्र बराच काळ घोटाळ्याची राहिली. आजारी न्यूरॉन आपोआप पेटला, तर त्याच्या ताब्यातले सगळे स्नायुतंतू एकदम आकसतात. ते डोळ्यांना दिसतं. नस तुटून पोरका झालेला एकेक स्नायुतंतू थरथरतो ते मात्र फक्त सुईच्या ईएमजीत, म्हणजे स्नायूतली वीज टिपणाऱ्या तपासणीत, सापडतं, तेही दोन-तीन आठवड्यांनी. हा भेद डेनी-ब्राउन आणि पेनीबेकर यांनी १९३८ मध्ये स्पष्ट केला. निव्वळ फडफडीला घाबरू नये. थकव्यानं पापणी कुणाचीही उडते. सोबत अशक्तपणा आणि वाळणं असेल तर गोष्ट वेगळी.

भारतातली पोलिओची पाळत याच लुळेपणावर उभी राहिली. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की कारण काहीही वाटो, चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने घ्यायचे. मुंबईतलं एंटरोव्हायरस रिसर्च सेंटर हे ते तपासणाऱ्या प्रयोगशाळांपैकी एक होतं. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. लुळ्या पायांची नोंद त्यानंतरही चालूच राहिली.