रानअळंबी वेचण्यामागचा इतिहास

पाऊस उघडल्यावर झाडीतून फिरताना दिसलेली अळंबी खुडून आणणे हा अनेकांना अलीकडचा छंद वाटत असला, तरी माणसाला ही सवय शेतीच्या कितीतरी आधीपासून आहे. स्पेनमधील एल मिरोन गुहेत सुमारे १८,७०० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका स्त्रीच्या दातांवरील किटणात अळंबीचे बीजाणू सापडले आहेत. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतातील बर्फात आढळलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या 'ओट्झी' या माणसाजवळ भूर्जाच्या खोडावर वाढणाऱ्या बुरशीचे दोन तुकडे चामड्याच्या पट्ट्यांत ओवलेले होते. ते बहुधा औषधासाठी असावेत. विस्तव पेटवण्यास उपयोगी पडणारी दुसऱ्या जातीची बुरशीही त्याच्या सामानात होती. कोणती बुरशी कशाच्या कामाची, एवढा फरक त्याला ठाऊक होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

लिखित नोंदींमध्ये मात्र अळंबी भीतीच्या छायेतच येते. रोमन सम्राट क्लॉडियस इ. स. ५४ मध्ये मरण पावला, तो अळंबीतून दिलेल्या विषामुळे, असे प्राचीन इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. त्याच शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याच्या मते गंजक्या खिळ्यांजवळ, कुजक्या चिंध्यांत किंवा सापाच्या बिळापाशी उगवलेली अळंबी विषारी होते. अळंबी आजूबाजूचे विष शोषून घेते, अशी ही समजूत होती. त्यामुळे जात ओळखण्याऐवजी खुणा शोधण्याकडे लोकांचे लक्ष लागले. विषारी अळंबीबरोबर शिजवल्यास चांदीचा चमचा काळा पडतो, किड्यांनी कुरतडलेली अळंबी माणसालाही चालते, साल सहज सुटली तर भीती नाही, असे ठोकताळे शतकानुशतके चालत राहिले आणि त्यांच्या भरवशावर असंख्य माणसे दगावली.

या सगळ्या खुणा 'डेथ कॅप' या एकाच जातीपुढे निकामी ठरतात. हिरवट पिवळसर टोपीच्या या अळंबीतील अमाटॉक्सिन हे विष चांदीवर कोणताही परिणाम करत नाही, उकळून वा वाळवून नष्ट होत नाही आणि चवीला ती वाईट लागत नाही, असे त्यातून बचावलेले रुग्ण सांगतात. गोगलगायी तर ती खुशाल खातात. त्रास सहसा सहा ते बारा तासांनंतर सुरू होतो. उलट्या-जुलाब थांबून रुग्णाला बरे वाटू लागते, त्याच काळात यकृत निकामी होत असते. इतक्या उशिरा परिणाम दिसत असल्यामुळे आधी थोडी चाखून पाहण्याची जुनी रीतही उपयोगाची नाही.

खुणांकडून जातींकडे जाण्याचा रस्ता युरोपात फार सावकाश उघडला. कॅरोलस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १६०१ मध्ये आजच्या हंगेरीच्या परिसरातील अळंब्यांचे खाण्याजोग्या आणि घातक असे दोन गट करून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. अळंबी चिखलातून आपोआप उपजत नाही, ती बीजाणूंपासून येते, हे पिएर आंतोनिओ मिकेली याने १७२९ मध्ये खरबुजाच्या फोडींवर बीजाणू पेरून दाखवले. पुढे स्वीडनच्या एलियास फ्रीसने १८२१ पासून केलेल्या वर्गीकरणात बीजाणूंच्या रंगाला मानाचे स्थान दिले. आजही अळंबी वेचणारे टोपी दांड्यापासून अलग करून, खालची बाजू कागदावर टेकवून रात्रभर झाकून ठेवतात. सकाळी कागदावर उमटलेला पांढरा, गुलाबी, तपकिरी वा काळा ठसा जात ठरवायला मदत करतो. अळंबी वरून न तोडता दांडा बुडखापासून उकरून काढण्याचा आग्रहही याच शिस्तीतला आहे, कारण डेथ कॅपची ओळख पटवणारी दांड्याच्या बुडाची पिशवीसारखी खोळ मातीत दडलेली असते.

हे ज्ञान सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले ते मुख्यतः पायी सहलींमुळे. इंग्लंडमधील हेरफर्ड येथे वूलहोप नॅचरलिस्ट्स फील्ड क्लबने १८६८ मध्ये अळंबी शोधण्यासाठी सहल काढली. पुढे अशा सहली दरवर्षी होऊ लागल्या आणि त्याच परंपरेतून १८९६ मध्ये ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटी ही बुरशींच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली. जाणत्याच्या शेजारी उभे राहून एकच जात कोवळी, उमललेली आणि सडू लागलेली अशा तिन्ही रूपांत पाहण्याची सोय कोणतेही चित्र देऊ शकत नाही. फ्रान्समध्ये औषधविक्रेत्यांच्या शिक्षणात अळंबीची ओळख समाविष्ट झाली. स्वित्झर्लंडमध्ये वेचलेली टोपली तपासून देणाऱ्या अधिकृत तपासनिसांची संघटना १९२५ मध्ये स्थापन झाली.

तरीही 'खाण्याजोगी' हा शिक्का कायमचा नसतो. पॅक्सिलस इन्व्होल्युटस ही अळंबी युरोपात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात होती. ती खाल्ल्यानंतर १९४४ मध्ये ज्युलियस शेफर हे जर्मन कवकतज्ज्ञच मरण पावले. पोलंडमध्ये १९५२ साली शंभरहून अधिक लोक आजारी पडले, पण कारणीभूत कॉर्टिनेरियस अळंबी मूत्रपिंडांवर घाला घालते आणि तिची लक्षणे कित्येक दिवसांनी उमटतात, त्यामुळे त्या आजाराचा संबंध जेवणाशी जोडायला बराच वेळ गेला. फ्रान्समध्ये चवीसाठी वाखाणली जाणारी पिवळी ट्रायकोलोमा लागोपाठच्या जेवणांत भरपूर खाल्ल्यास स्नायूंची हानी होऊन मृत्यू येऊ शकतो, हे तर २००१ मध्ये जाहीर झाले.

रानात जाण्याची गरज अजून उरली आहे, त्यामागेही एक शोध आहे. प्रशियात ट्रफल या जमिनीखाली वाढणाऱ्या खाद्य बुरशीची लागवड करता येईल का, याचा अभ्यास करताना आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांना काही बुरशी झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करून जगतात असे दिसले, आणि १८८५ मध्ये त्यांनी या सहजीवनाला 'मायकोरायझा' हे नाव दिले. शँटेरेल व पोर्चिनी या खाण्याजोग्या रानअळंब्या याच प्रकारच्या असल्याने त्यांचे पीक बटण मशरूमसारखे खोलीत घेता येत नाही.

मागणी वाढली तशी जंगलाची काळजी वाटू लागली आणि इटलीसह काही देशांनी परवाना व दिवसाच्या वजनाची मर्यादा घातली. स्वित्झर्लंडमधील एका राखीव वनात १९७५ ते २००३ या काळात चाललेल्या प्रयोगाचा निष्कर्ष मात्र थोडा वेगळा निघाला. नियमित तोडणीमुळे पुढच्या वर्षांचे पीक किंवा जातींची संख्या घटली नाही, पण वेचणाऱ्यांच्या पायांखाली तुडवल्या गेलेल्या जमिनीवर अळंब्या कमी उगवल्या.